अकरा नंबरचा टॅब

टॅबचं कपाट उघडलं की आधी वास यायचा. तापलेल्या रबराचा, पोरांच्या शेंबडाचा आणि मागे कुठेतरी मरून वाळलेल्या पालीचा. शिपाईमावशी रोज सकाळी साडेसातला ते कपाट उघडायची आणि रोज तोंड वाकडं करायची. वासाचं तिला काही नवं नव्हतं. नऊ वर्षं ती या शाळेत झाडलोट करत होती, संडास धूत होती, घंटा देत होती. पण संडास निदान संडाससारखा दिसतो. या कपाटाच्या दारावर मात्र फुलपाखरं चिकटवली होती.

आत छत्तीस टॅब. प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी, एकेक नंबर एकेका पोराच्या नावावर. काचांवर वाळलेल्या शेंबडाचे ओघळ, शाईचे ठसे आणि थुंकी लावून पुसल्याचे गोल. एकेक टॅब ओल्या फडक्याने पुसायचा, वायर लावायची, वायरीच्या भोकातल्या मुंग्या फुंकून काढायच्या. मुंग्यांना तिथली ऊब फार आवडायची. टॅब तापू नयेत म्हणून चौथीच्या वर्गातला पंखा काढून या खोलीत लावला होता. चौथीची पोरं घामाने निथळत बसायची आणि इकडे कपाटाला वारा लागायचा.

हेडमास्तरांच्या टेबलावर एक पडदा होता. त्यावर टॅब मिळालेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे एक ठिपका. पोर टॅबवर शिकलं की ठिपका हिरवा, कमी शिकलं तर पिवळा, नाहीच शिकलं तर लाल. हेडमास्तरांना या ठिपक्यांचं असं वेड लागलं होतं की पोर समोर येऊन उभं राहिलं तरी ते आधी पडद्यावर त्याचा ठिपका शोधायचे. रोज संध्याकाळी हे ठिपके वर कचेरीत जायचे आणि तिथून शाळेला शाबासकी नाहीतर कानउघाडणी यायची.

त्या वर्षी बटाट्याची काढणी लांबली. अर्ध्याहून जास्त पोरं आईबापाच्या मागे शेतात गेली. वर्ग ओस पडले आणि पडद्यावर लाल पुरळ उठलं. हेडमास्तरांनी मावशीला बोलावून घेतलं. ते दाताच्या फटीत काडी घालून काहीतरी उकरत होते.

"मावशी, दुपारी काय करता तुम्ही?"

"संडास धुते, सर. पाणी आलं तर."

"ते राहू द्या. पोरांचे टॅब जरा चालते ठेवायचे. चित्र येतं, आवाज येतो, खाली चार शब्द येतात. एकावर दाबायचं. टिंग वाजलं की बरोबर. नाही वाजलं तर दुसऱ्यावर दाबायचं. डोकं लागत नाही त्याला."

"पण सर, ते पोरांनी करायचं ना?"

"पोरं कुठायत? तुम्हीच सांगा, कुठायत?" काडीला लागलेलं त्यांनी बघितलं आणि टेबलाच्या खालच्या कडेला पुसलं. "आली की करतीलच. तोवर त्यांचं नुकसान नको. आणि हे बघा, तुमचं वर्षाचं पत्र माझ्याच सहीने निघतं. आपणच एकमेकांना सांभाळून घ्यायचं."

पत्र निघालं नाही तर नोकरी गेली, हे मावशीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती मान हलवून बाहेर आली. टेबलाची ती कड संध्याकाळी तिलाच पुसायची होती.

मग दुपारभर ती त्या खोलीत बादली पालथी घालून बसायची आणि मांडीवर एकामागून एक टॅब घेऊन अंगठा चालवायची. एक अस्वल नाचत यायचं, "ओळख पाहू!" म्हणायचं, छत्रीचं चित्र दाखवायचं. खाली चार शब्द. मावशी दोन इयत्ता शिकलेली. अक्षरं ओळखीची वाटायची, पण लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी, नावं आठवायची नाहीत. ती सरळ दाबत सुटायची. टिंग. टिंग. नाही टिंग. टिंग. पस्तीस टॅब असे व्हायचे. अंगठ्याचं पेर ठणकायला लागायचं.

अकरा नंबर मात्र ती शेवटी घ्यायची. हात धुऊन घ्यायची. तो तिच्या पोरीचा टॅब.

पोरगी चौथीत होती. तिलाही वर्गात अर्धा तास टॅब मिळायचा, पण त्या वेळात ती अस्वलाला टोप्या घालत बसायची, म्हणून तिचा ठिपका पिवळा. आईच्या हाताखाली तीनशे पोरांचा केर निघतो आणि आपलीच पोरगी पिवळी, हे मावशीला लागलं होतं. अकरा नंबरवर ती अंगठा उचलून थांबायची. आवाज पुन्हा ऐकायची. कासव. 'क' कुठाय? हा. पुढे सापाचा 'स'. हा बघ, सापडला. धान्यातले खडे वेचावेत तसे ती चुकीचे तीन शब्द बाजूला काढायची आणि मगच दाबायची. टिंग वाजलं की तिच्या पोटात गार वाटायचं. आठवडाभरात अकरा नंबर हिरवा झाला. नंतर हिरव्याभोवती सोनेरी कडं आलं.

पोरीला घरात सगळे 'रेडिओ' म्हणायचे. डोळे उघडले की सुरू, ते झोप लागेपर्यंत. बाप बटाट्याच्या गोदामात माल निवडायला जायचा. ढिगातला प्रत्येक बटाटा हातात घ्यायचा आणि अंगठ्याने दाबून बघायचा. वरून टणटणीत दिसणारा बटाटा आतून सडलेला असला की अंगठा भसकन आत जायचा आणि पांढरं, आंबूस पाणी मनगटापर्यंत यायचं. तो वास साबणाने जात नसे. जेवताना तो डाव्या हाताने नाक धरून उजव्या हाताने खायचा आणि रेडिओ त्याला हसायची.

"बाबा, आज मी तुमच्या गोणीवरचं वाचलं," ती एका संध्याकाळी म्हणाली. "न-वा मा-ल. नवा माल!"

बापाने घास हातातच ठेवला. त्याला अक्षर म्हणून ठाऊक नव्हतं. "खरंच तसं लिहिलंय का गं?" त्याने मावशीला विचारलं.

मावशीने गोणी उजेडात धरली. "हो की. नवा मालच आहे."

"कुणी शिकवलं?"

"बोटगुरुजींनी!" रेडिओ म्हणाली. "ते बोट धरतात आणि अक्षराखाली ठेवतात. आणि बोलल्याशिवाय पुढे सरकूच देत नाहीत. कालपासून मी एकाच ओळीवर आहे. पण ते ओरडत नाहीत. ते नुसते बसून राहतात."

बोटगुरुजी म्हणजे म्हातारे निवृत्त मास्तर. वाचनात मागे पडलेल्या सात पोरांसाठी शाळेने त्यांना शेवटच्या तासापुरतं बोलावलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला ते फरशीवर मांडी घालून बसायचे. कापडी पिशवीत पुठ्ठ्याची कापलेली अक्षरं, कडा मळून काळ्या झालेल्या. तीन वर्षं वर्गात बसून रेडिओला वाचता येत नव्हतं. या माणसाजवळ दोन महिन्यांत ती साधे शब्द वाचायला लागली होती. मावशी व्हरांडा झाडायला मुद्दाम त्याच तासाला काढायची.

काढणी संपत आली तेव्हा एका दुपारी हेडमास्तरांनी बोटगुरुजींना खोलीत बोलावलं. मावशी चहा घेऊन आत गेली.

"गुरुजी, वरून यादी आली. वाचनात मागे असलेली मुलं, शून्य." हेडमास्तर पडदा त्यांच्याकडे वळवत म्हणाले. "मागे कुणी नाही तर जादा तास कशाला? तास बंद. यात माझं काही नाही, यादी आपोआप निघते."

"सर, ती सात पोरं रोज माझ्यासमोर बसतात," गुरुजी म्हणाले. "त्यातल्या चौघांना अजून 'घर' वाचता येत नाही."

"इथं तर येतंय."

"मग त्या ठिपक्यालाच बसवा वर्गात."

"चिडू नका. उलट आनंदाची गोष्ट बघा. हा अकरा नंबर. सोनेरी! सगळ्या शाळांत पहिला. आणि पोरगी कुणाची? आपल्या मावशींची!"

मावशीने चहा टेबलावर ठेवला. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "छान झालं, मावशी," आणि अगदी मनापासून म्हणाले.

तिने त्यांना फाटकाशी गाठलं. पिशवी काखेत मारून ते निघाले होते.

"गुरुजी, पोरीला जरा थोडे दिवस..."

"अहो, येत होतं तिला. जोडाक्षरं तेवढी राहिली होती. अजून तीन-चार महिने बसली असती तर कुणाच्या मदतीशिवाय चालली असती." ते थांबले. "आता मी पलीकडच्या शाळेत जातो. तिकडे अजून लाल ठिपके शिल्लक आहेत म्हणतात. एक विचारू? घरी तिच्याकडून कुणी वाचून घेतं का?"

"नाही."

"मग ती पहिली कशी आली?"

"काय माहीत, गुरुजी."

एवढं बोलून ती आत आली आणि मोरीवर जाऊन तिने चूळ भरली. तोंडाला काही लागलं नव्हतं, तरी तीन वेळा भरली. बाकीच्या पोरांवर तिने नुसता अंगठा टेकवला होता. स्वतःच्या पोरीवर मात्र जीव ओतला होता, आणि म्हणून तीच सगळ्यात पक्की बुडाली होती. अंगठ्याकडे बघून तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तिने अकरा नंबर आधी घेतला आणि चुकीचं दाबायला सुरुवात केली. छत्रीला बेडूक, बेडकाला गाडी, गाडीला कासव. दोन दुपारी ती चुकत राहिली. अस्वल डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "आज तू दमलीस वाटतं! चल, उद्या खेळू." आणि दिवा बंद. सोनेरी कडं जागच्या जागी. त्या अस्वलाच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, पण मारणार कुठे? काच फुटली असती तर तिच्याच पगारातून कापली असती.

शेवटी ती हेडमास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, अकरा नंबरचं सगळं मीच दाबलंय. तिला लाल करा. गुरुजींचा तास पुन्हा लावा."

हेडमास्तर उठले, दार लोटलं आणि परत येऊन बसले. "लाल करा म्हणजे? मावशी, एकदा हिरवं झालेलं मागे येत नाही. मागे घ्यायची सोयच नाही त्यात. मूल शिकलं ते शिकलं. आणि हे बाहेर बोलायचं नाही." त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "परवा मोठे साहेब येतायत, तुमच्याच पोरीला बघायला आणि बक्षीस द्यायला. मोठ्या पडद्यावर हा धडा येईल. सातवीतल्या एखादीला सांगतो, ती वाचून दाखवेल, पोरीकडून पाठ करून घ्या."

"पाठ? वाचायचं ना?"

"पडद्याकडे बघत म्हणायचं. बघणाऱ्याला काय कळतं?"

रेडिओच ती. एका मधल्या सुट्टीत तिने तीन परिच्छेद गिळले. घरी येऊन म्हणूनही दाखवले, हातवारे करून. बापाने टाळी वाजवली. मग पोरगी एकदम थांबली.

"आई, पण मी बघायचं कुठे? कुठल्या ओळीवर?"

मावशी भांडी घासत होती. "हळूहळू डोळे खाली आण," ती म्हणाली.

"गुरुजी म्हणायचे, बोट पुढे गेलं आणि तोंड मागे राहिलं तर ती फसवाफसवी."

"गुरुजी गेले," मावशी म्हणाली आणि भांडं इतकं घासलं की बोटाचं सालपट निघालं.

साहेब यायच्या दिवशी कपाटाच्या खोलीतला पंखा सभागृहात लागला. संडासांना कुलपं ठोकली, साहेबांना वास नको म्हणून. सकाळपासून पोरं पाय जुळवून बसली होती. पहिलीतलं एक पोर बसल्या जागीच ओलं झालं. मावशीने त्याला पटकन मागे नेलं आणि फरशी स्वतःच्या ओढणीने पुसली, कारण फडकी सगळी टॅब पुसायला लागली होती.

साहेब आले. गोरेगोमटे, अत्तर लावलेले. त्यांनी रेडिओच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग खिशातून ओला कागद काढून बोटं एकेक करून पुसली. कागदाचा बोळा त्यांनी बाजूला धरला. मावशीने तो घेतला.

"चल बाळ, वाच," हेडमास्तर म्हणाले.

मोठा पडदा उजळला. वर धडा आला. रेडिओ खणखणीत सुरू झाली. पहिला परिच्छेद झाला, हेडमास्तरांनी बटण दाबलं, पान जायला लागलं आणि मधेच अडकलं. अक्षरं गेली. पडदा पांढराफटक झाला आणि मधोमध एक चक्र गरगर फिरायला लागलं.

पोरगी थांबली नाही. तिला सांगितलं होतं थांबायचं नाही. त्या फिरणाऱ्या चक्राकडे बघत, डोळे हळूहळू खाली आणत, तिने दुसरा परिच्छेद वाचला. मग तिसरा. साहेब मान डोलावत होते. सोबतचा माणूस फोनवर चित्रीकरण करत होता. मास्तर मंडळी हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. एकाही शहाण्याला पडदा कोरा दिसला नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मावशीच्या मुठीत तो ओला बोळा होता. त्याचा गोड वास येत होता.

"साहेब," ती मागून म्हणाली, "पडद्यावर काहीच नाही. मग तिने वाचलं काय?"

टाळ्या विस्कटल्या. साहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि हसले. "अहो, यंत्र आहे, अडकतं कधी कधी."

"यंत्राचं नाही म्हणत मी. तिला वाचता येत नाही. तो ठिपका माझा आहे. या अंगठ्याने दाबलाय मी. छत्तीसच्या छत्तीस मी दाबलेत." तिने अंगठा वर करून दाखवला. "पोरीला गुरुजी पाहिजेत, साहेब. हे बक्षीस नको."

हेडमास्तर घाईघाईने पुढे झाले. "आई आहे ना, साहेब. आनंदाने भरून आलंय बाईंना. साध्या आहेत."

साहेब पोरीपुढे वाकले, लांबूनच. "काय गं बाळ? येतं ना तुला वाचता?"

रेडिओने आईकडे बघितलं. कान लाल, ओठ पांढरे. सगळ्या शाळेसमोर आईने तिला उघडं पाडलं होतं. मग तिने मान खाली घातली आणि जे होतं ते सांगितलं.

"थोडं थोडं येतं."

"बघा!" साहेब मागे वळून म्हणाले. "एवढी हुशार, आणि बोलणं किती नम्र!" पुन्हा टाळ्या. फोटो निघाला. पोरीच्या हातात वर सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट' छापलेलं, चकचकीत कागदाचं प्रमाणपत्र दिलं. साहेबांनी पुन्हा एक ओला कागद काढला, पण तो घ्यायला मावशी पुढे आली नाही, तेव्हा तो त्यांनी कुंडीत टाकला.

वर्षाचं पत्र निघालं नाही. हेडमास्तरांनी तिला बोलावून सांगितलंही नाही. फुलपाखरांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईच्या कमरेला दिसली, तेव्हा कळलं. मावशी नवऱ्याबरोबर गोदामात निवडीला जायला लागली. पहिल्याच दिवशी तिचा अंगठा भसकन आत गेला.

"सवय होईल," नवरा म्हणाला.

"या वासाचं काही नाही हो," ती म्हणाली.

रेडिओ तिच्याशी बोलत नव्हती. विचारलं तर हो नाही, एवढंच. घरात इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. बाप एकटाच काहीबाही बोलायचा आणि मधेच गप्प व्हायचा.

पाचव्या दिवशी मावशी गोदामातून आली तेव्हा ऊन अजून उंबऱ्यावर होतं. पोरगी दारात मांडी घालून बसली होती. पुढ्यात ते प्रमाणपत्र. खालच्या ओळीत छापलेल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून तिने ते वाचलं होतं, आणि आता वरच्या मोठ्या सोनेरी शब्दावर अडली होती. बोट पहिल्या दोन अक्षरांवर पुढेमागे होत होतं, तोंड हलत नव्हतं.

मावशी हात न धुताच शेजारी टेकली. तिलाही तो शब्द लागेना. एकात एक घुसलेली अक्षरं, सगळी अवघड. तिने त्याकडे टक लावून बघितलं, आणि तिच्या नकळत तिचा अंगठा उठून त्या शब्दावर गेला, दाबला गेला आणि टिंग वाजायची वाट बघत तिथेच थांबला. चकचकीत कागदावर सडक्या बटाट्याचा ओला ठसा उमटला.

"आई," रेडिओ पाच दिवसांनी बोलली. "कागद आहे तो. दाबून काय होणार?"

मावशीने हात मागे ओढला. पोरीने तो धरून पुन्हा पुढे आणला. वासाने नाक मुरडलं, पण सोडला नाही. अंगठा मिटवला, आईचं पहिलं बोट उघडलं आणि पहिल्या अक्षराच्या बरोबर खाली नेऊन ठेवलं.

"असं. हे काय आहे ते सांग आधी. सांगितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही."

मावशी बराच वेळ बघत राहिली. पोरगी ओरडली नाही. ती नुसती बसून राहिली.

"उ," मावशी म्हणाली.